वहिनींची कळ

कोल्हापुरात शिरताना हायवे सोडून शहराकडे वळलं, की सगळ्यात आधी दर्शन व्हायचं ते मगदूम वकिलांचं. अंबाबाईचं नंतर. चार मजली इमारतीएवढा उजेडाचा फलक, आणि त्यावर हळदीच्या रंगाचा कोट घातलेले ॲडव्होकेट विश्वजित मगदूम, चेपलेल्या बसच्या टपावर एक पाय रोवून उभे. मिशी अशी वळलेली, की खालून जाणाऱ्या ट्रकवाल्याने आपण मागे कुणाला धडक देऊन तर आलो नाही ना, हे एकदा मनाशी तपासून बघावं. पायाशी ठळक ओळ होती : ‘माणूस खोटं बोलेल, टिकली बोलणार नाही.’ आणि कर्ण्यातून थोड्या थोड्या वेळाने तेच गाणं : ‘मोडलं हाड, मोडली गाडी, मगदूम वकील भरपाई काढी.’

फलकाच्या दुसऱ्या अंगाला त्यांची बायको, हिरव्या साडीत, खुर्चीवर बसलेली. चेहऱ्यावर सोसल्याचं बारीकसं हसू. हे हसू फोटोग्राफरने अर्धा दिवस घालवून काढलं होतं. तिच्या फोटोखाली लाल दिव्यांनी एक आकडा पेटलेला असायचा : ‘आज वहिनींची कळ – ७.४’. गंमत अशी, की या अख्ख्या फलकावर खरी गोष्ट तेवढीच एक होती. तो आकडा चालता-बोलता होता. घरी वहिनी वाकल्या, की इकडे तो वर चढायचा.

वहिनी म्हणजे पद्मजा. या कथेत सापडली ती तीच.

पूर्वी वकिलाने जाहिरात करायची नाही, असा कडक नियम होता. दारावरची पाटी जरा मोठी झाली तरी नोटीस यायची. तो नियम सैल झाला त्या वर्षी बाकीचे वकील लाजत लाजत कार्डावर फोटो छापायला लागले, आणि मगदूमांनी अर्धी कापलेली बस ट्रेलरवर चढवली, तिच्यात स्वतः उभे राहिले आणि रंकाळ्याला प्रदक्षिणा घालून आले. मग गणपतीत त्यांचा देखावा, जत्रेत त्यांचा पाळणा. तालमीच्या पोरांच्या क्रिकेट सामन्यात कुणाच्या नडगीवर चेंडू बसला, की मैदानभर ‘मोडलं हाड’ वाजायचं आणि लंगडणारा पोरगासुद्धा हसायचा.

पण माणूस नुसता दिखाऊ नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पद्मजाची बस घाटाखाली उभी असताना मागून कंटेनर धडकला, तेव्हा याच माणसाने दवाखान्यात तिच्या खाटेखाली वर्तमानपत्र अंथरून मुक्काम ठोकला होता. ऑपरेशन झालं, जखम भरली, फोटोत मणका स्वच्छ दिसायला लागला. दुखणं मात्र गेलं नाही. कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून उतरत टाचेत जाऊन बसायची. विमा कंपनीचं म्हणणं एकच होतं. हाडं जुळली आहेत, बाई नाटक करतात.

ते नाटक नाही, हे दाखवायला तेव्हा काही साधनच नव्हतं. ताप थर्मामीटरवर दिसतो, साखर रक्तात दिसते. दुखणं कुणाला दिसतं? डॉक्टर विचारायचे, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय, आणि आपण सांगू तो आकडा. त्याच सुमारास बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेने टिकली काढली. दुखणं जखमेत नसतं, ते मेंदूत तयार होतं, आणि तेही एका जागी नाही. मेंदूतल्या निरनिराळ्या जागा एका ठरावीक तालात एकदम जाग्या होतात, तेव्हा माणसाला कळ जाणवते. कानामागे चिकटवायची ती रुपयाएवढी टिकली हा ताल पकडायची. हजारो माणसांची दुखणी शिकून ती तयार झाली होती, त्यामुळे तिला फसवणं कुणाला जमत नव्हतं. फक्त एक होतं. किती दुखतंय ते टिकली सांगायची, का दुखतंय ते तिला कळत नव्हतं.

मगदूमांनी ती टिकली बायकोच्या कानामागे लावली आणि अपघात कोर्टात तिला पिंजऱ्यात उभं केलं. आकडा पडद्यावर आला तेव्हा कोर्टात कुणी शिंकलंसुद्धा नाही. निकाल लागला : मापापुढे मत चालणार नाही. ऑपरेशननंतर तीन वर्षांनीही टिकलीवर उमटणारं दुखणं कायमचं समजावं, आणि त्याची भरपाई दरमहा, मापानुसार, जन्मभर द्यावी. हाच तो ‘पद्मजा मगदूम निवाडा’. त्याच्या आधाराने मगदूमांनी पुढे हजारो माणसांना महिन्याची भरपाई मिळवून दिली. हात गेलेले, पाठ गेलेली, ज्यांना कंपनीने दारातूनसुद्धा हाकललं असतं अशी माणसं. मगदूमांच्या कामाच्या दोनच पद्धती होत्या. एक, प्रत्येक अशिलाला ते पाठीवर थाप मारून सांगायचे, “तारखेपर्यंत बरं व्हायचं नाही हं.” अशील हसायचा, पण मापाच्या आठवड्यात गोळी घ्यायचा नाही. आणि दुसरी, बाकीचे वकील जबाब कागदावर देऊन मोकळे व्हायचे, मगदूम प्रत्येकाला पिंजऱ्यात उभं करायचे. “न्यायाधीशांनी माणूस बघितला पाहिजे,” असं ते म्हणायचे आणि ऐकणाऱ्याला ते पटायचं.

पद्मजालाही पटलं होतं. सुरुवातीला तिला त्या आकड्याचा आधारच वाटायचा. आता कुणी नाटक म्हणणार नव्हतं.

मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, की आता तिला कुणी काही विचारतच नाही. भाजीवाली मेथीची जुडी निवडता निवडता म्हणायची, “वहिनी, आज सात पॉइंट सहा. थंडीनं असंल.” रिक्षावाला भाडं घ्यायचा नाही. मुलगा हैदराबादहून फोन करायचा तो आकडा बघूनच : “आई, सकाळी आठ होतं ना, आता उतरलंय.” कशी आहेस, हा प्रश्न तिच्या आयुष्यातून निघून गेला होता. पुतणीच्या हळदीत ती हरखून दोन पावलं नाचली, तर आकडा पावणेसहावर आला. दुसऱ्या दिवशी दोन अशील तोंड वाळवून दारात उभे, आणि समोरच्या टपरीवर कंपनीचा माणूस कॅमेरा घेऊन चहा पीत बसलेला. मगदूमांनी आठवड्याच्या आत नवा फलक लावला : ‘वहिनी हसल्या, तरी कळ सुटली नाही.’ लोकांना तो फार आवडला. पद्मजाने त्यानंतर नाचायचं सोडलंच.

मिरजेच्या डॉक्टर हेमांगी कोरेंचं नाव तिला बहिणीने सांगितलं. बहीण सांगलीला असायची. दर गुरुवारी बहिणीकडे जाते असं सांगून पद्मजा निघायची, ती सांगलीऐवजी मिरजेला उतरायची. नवऱ्यापासून लपवून बरं व्हायला निघालेली बाई आपण एकटीच असू, या विचाराने तिला हसूही यायचं आणि लाजही वाटायची.

कोरे डॉक्टरीण बारीक चणीची, बोलायला मोकळी. तिने फोटो बघितले, पाय हलवून बघितला आणि म्हणाली, “तुमच्या यजमानांचं ते गाणं आहे ना? मोडलं हाड?”

“आहे.” पद्मजा ओशाळली.

“मी ते एकदा ऐकलं आणि दोन दिवस डोक्यातून जाईना. फलक मागे राहिला, कर्णा मागे राहिला, गाणं आपलं चालूच. तुमचं दुखणं तसं झालंय. जखम केव्हाच भरली. पण दुखणं म्हणजे मेंदूने बांधलेला अंदाज असतो, की इथं धोका आहे. कंटेनर येऊन गेला. तुमच्या मेंदूला वाटतंय, तो अजून मागून येतोय.”

“मग हे खोटं दुखणं आहे?”

“छे. दुखणं सगळं खरंच असतं. पण मेंदूला पटवता येतं.”

पटवायची रीत साधी नव्हती, पण दुखरीही नव्हती. डोळ्यांवर चष्मा चढवायचा, त्यात आपलंच शरीर दिसायचं. ती थोडी वाकली की चष्म्यातली पद्मजा त्याहून जास्त वाकायची आणि तिला काही व्हायचं नाही. पोटरीवरून विजेची हलकी गुदगुली जायची. कोरे म्हणायची, बघा, मागे कुणी नाही. पुन्हा वाका. मागे कुणी नाही. कितीतरी गुरुवार असे गेले.

एका सकाळी पद्मजाच्या हातून वाटी पडली. तिने खाली वाकून ती उचलली, ओट्यावर ठेवली आणि फोडणीत मोहरी टाकली. मोहरी तडतडली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण वाकलो होतो. कठड्याला न धरता, श्वास न रोखता वाकलो होतो. तिने गॅस बंद केला. वाटी मुद्दाम पुन्हा खाली टाकली, पुन्हा उचलली. मग ती ओट्याला टेकून रडली. इतक्या आनंदाने ती लग्नातही रडली नव्हती.

फोन वाजला, मगदूमांचा. “पद्मा, टिकली सैल झालीय काय, बघ की जरा.”

“नाही. नीट आहे.”

“तीन दाखवायलंय. नेटवर्क असंल. ऑफिसातल्या पोराला पाठवतो बदलायला.”

ती थांबली. ते आणखी काही विचारतील म्हणून थांबली. पलीकडे कुणीतरी “साहेब” म्हणून हाक मारली आणि फोन बंद झाला.

टिकली बदलली, आकडा दोनवर आला. दुसऱ्या दिवशी एक पॉइंट एक. त्या दुपारी मगदूम पिवळ्या कोटासकट घरी आले, तर बायको अंगणात उकिडवी बसून जास्वंदीच्या कुंडीतली माती उकरत होती. किती वर्षांत त्यांनी तिला उकिडवं बसलेलं बघितलं नव्हतं. त्यांच्या हातातली बॅग सुटली. तेही तिच्याशेजारी मातीत बसले, तिचे मातीने भरलेले हात धरले आणि म्हणाले, “खरंच?”

“खरंच. दुखत नाही.”

मगदूम ओक्साबोक्शी रडले. त्या रडण्यात काही खोट नव्हती, आणि म्हणूनच पद्मजाला ते पुढे कधी विसरता आलं नाही. तिने त्यांना सगळं सांगितलं, मिरज, चष्मा, वाटी. ते मान हलवत ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांची नजर तिच्या कानामागे गेली, आणि तिला समोर दिसलं, की नवरा उठून आत गेला आणि वकील बाहेर येऊन बसला.

“आणखी कुणाला माहिताय?”

“बहिणीला.”

“पद्मा, नीट ऐक. कंपनीनं अर्ज टाकलाय. त्यांचं म्हणणं, हे दुखणं कायमचं नसतं. तुझा निवाडा मोडला, की त्यावर उभे असलेले सगळे पडले. सगळ्यांची भरपाई नव्यानं उघडणार, सगळ्यांना मिरजेला धाडणार, आणि बरा झाला की बंद, नाही झाला तर नाटक करतोय म्हणून बंद. त्यांना फक्त एक माणूस बरा झालेला पाहिजे. तो माणूस तू होऊ नको.”

“मी झालेय की.”

“तारखेपर्यंत थांब. तेवढं जाणं बंद कर. तारखेपर्यंत बरं व्हायचं नाही.”

“हे तुम्ही अशिलाला म्हणता.”

“तू माझी पहिली अशील आहेस,” मगदूम म्हणाले. ते त्यांनी प्रेमाने म्हटलं होतं.

त्या संध्याकाळपासून फलकावरचा आकडा सात पॉइंट चारवर गोठला. कोपऱ्यात बारीक अक्षरं आली, तांत्रिक दुरुस्ती चालू आहे. कोर्टाकडे जाणारं माप मात्र त्यांच्या हातात नव्हतं. ते टिकलीतून थेट जात होतं, कंपनी ते वाचत होती आणि खूश होती. टिकली काढली तर बरी झाली म्हणून धरणार, ठेवली तर बरी झाल्याचं दिसणार. पद्मजा मिरजेला गेली नाही. पण दुखणंही आलं नाही. शिकलेलं विसरावं कसं, हे तिला कळेना. मुद्दाम खाली झोपून बघावं, जड बादली उचलून बघावी, असंही एकदा तिच्या मनात आलं, आणि आपल्या मनात हे आलं याची तिला भीती वाटली.

रुक्साना मुल्लाणी तिचे ब्लाउज शिवायची. टेम्पोच्या धडकेत तिचा खांदा निकामी झाला होता. मगदूमांनीच तिची केस लढवली. खांद्याने साथ दिली तर महिन्याला चार-दोन ब्लाउज, बाकी घर भरपाईवर. पद्मजा पाठीला आधार म्हणून आतून पट्टा बांधायची, त्या हिशेबाने तिचा ब्लाउज ती पाठीत ढिला ठेवायची. माप घ्यायला आली आणि टेप पाठीवरून फिरवताना तिचा हात थांबला.

“पट्टा सोडला काय वहिनी?”

पद्मजाने मान हलवली. रुक्सानाने टेप गुंडाळली आणि ती पलंगाच्या कडेला बसली.

“म्हणजे बरं वाटायलंय.”

“होय.”

“एक सांगू? राग धरू नका. दुवा मागताना मी रोज तुमच्या नावाशी अडते. बऱ्या व्हा म्हणून मागावं, तर माझ्या पोरीचं कॉलेज डोळ्यासमोर येतं. होऊ नका म्हणून मागावं, तर ते पाप. मग मी तुमचं नावच गाळते.”

“तुझा खांदापण बरा होईल रुक्साना. मिरजेला डॉक्टर आहेत...”

“आणि मग? बरी झाले म्हणून मला कोण कामाला ठेवतंय? डोळं गेलं, वय गेलं. मला भीती खांद्याची नाही वहिनी.” ती उठली. “तुम्ही काय करायचं, ते तुम्ही ठरवा. माझ्याकडं बघून ठरवू नका. मी ब्लाउज पट्ट्याशिवायच्या मापानं शिवते.”

तिने खरंच तसा शिवून पाठवला. तो अंगावर घालून पद्मजा आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. रुक्सानाच्या त्या शेवटच्या वाक्यानेच तिला धीर आला. खोटं बोलून या माणसांचं भलं होणार असेल, तर ते जन्मभर खोटंच बोलावं लागेल, आणि तेही दुखण्याने. तिने नवऱ्याला सांगून टाकलं, की कोर्टात मी बरी झाले असंच सांगणार.

मगदूम चिडतील, हात जोडतील, अशी तिने मनाची तयारी केली होती. ते थोडा वेळ मिशी ओढत बसले आणि म्हणाले, “तुला जे खरं वाटतं ते बोल. मी आड येणार नाही.”

“खरंच?”

“तुझा शब्द आहे. मी कोण अडवणार?”

पद्मजाला त्या क्षणी तो दवाखान्यात खाटेखाली झोपलेला माणूस परत मिळाल्यासारखं वाटलं. तारखेच्या सकाळी तिने त्यांचा पिवळा कोट स्वतः इस्त्री केला, नवा ब्लाउज घातला आणि गाडीत त्यांच्याशेजारी बसली. अंगात कुठेही कळ नव्हती.

कोर्टात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे मगदूमांचे अशील, कुबड्या, पट्टे, झोळीतले हात. ती आत आली तशी सगळ्यांनी वाट करून दिली, एका म्हाताऱ्याने तर तिला वाकून नमस्कार केला. पिंजऱ्याच्या मागे भिंतीवर मापाचा पडदा होता. साक्षीदाराला आपला आकडा दिसू नये, असा नियम होता, त्यामुळे पडदा सगळ्यांना दिसायचा आणि पिंजऱ्यातल्या माणसाला नाही. पद्मजा पिंजऱ्यात चढली तेव्हा सगळी माणसं तिच्या डोक्यावरून मागे बघत होती.

कंपनीचे वकील सबनीस हे सौम्य गृहस्थ. मिरजेचा पत्ता कंपनीच्या माणसाने केव्हाच काढलेला होता. त्यांनी हळू विचारलं, “बाई, मिरजेला उपचार घेतल्यावर आपल्याला बरं वाटलं?”

“होय.”

मागच्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. पद्मजाने तिकडे बघितलं. रुक्साना दाराशी खाली मान घालून उभी होती. पद्मजाच्या पुढे तोंडंच तोंडं, आणि प्रत्येक तोंड तिच्याकडे बघत असूनही तिला बघत नव्हतं. आपल्या एका शब्दाने या सगळ्यांची घरं हलणार, हे तिला इतके दिवस नुसतं माहीत होतं. आता ते समोर उभं होतं. मागून काहीतरी मोठं येतंय असं तिला वाटलं. तिने कठडा धरला.

कळ टाचेतून निघाली. जुन्या ओळखीच्या वाटेने मांडीमागून चढली आणि कमरेत येऊन बसली.

“म्हणजे आता दुखत नाही?” सबनीस म्हणाले, पण म्हणताना त्यांचीही नजर तिच्या डोक्यावर गेली आणि आवाज पडला.

“दुखत नव्हतं. आज सकाळपर्यंत दुखत नव्हतं.”

“आणि आता?” न्यायाधीशांनी विचारलं.

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. पण खरं बोलायचं म्हणूनच ती इथे आली होती. “आता दुखतंय. पण मी इथं उभी आहे म्हणून दुखतंय. हे सगळे बघायलेत म्हणून. खाली उतरले की जाईल. मी बरी झालेय, साहेब. खरंच झालेय.”

मगदूम उठले. त्यांचा आवाज कर्ण्यातला नव्हता, फार हळवा होता. “साक्षीदार माझी पत्नी आहे. ती सोशिक आहे. नवऱ्याला, या सगळ्यांना आपला त्रास नको, म्हणून बरी आहे म्हणते. मी तिचा शब्द खोटा म्हणणार नाही. मी एवढंच म्हणतो, पडदा बघावा.”

“डॉक्टर कोरेंना बोलवू द्या,” सबनीस म्हणाले. “हे दुखणं का आलं, ते त्या सांगतील.”

“का आलं, हा प्रश्न आपल्यापुढे नाही,” न्यायाधीश म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, समोर असलेला निवाडा वाचत होते. “डॉक्टरांचं मत हे मत आहे. साक्षीदाराचं म्हणणं हेही मतच. मापापुढे मत चालणार नाही, असं या न्यायालयाने याच बाईंच्या दाव्यात ठरवलेलं आहे.” उपचारानंतरही इतकं वर येणारं दुखणं गेलं असं म्हणता येत नाही, सबब निवाडा कायम, आणि मूळ दाव्यातल्या बाईंनी टिकली यापुढेही जन्मभर धारण करावी, असा हुकूम झाला.

बाहेर हलगी तयार होती. ती कुणी, कधी बोलावली होती, हे विचारायचं कारण नव्हतं. जेसीबीच्या खोऱ्यातून झेंडूच्या पाकळ्या पडल्या, पेढे वाटले गेले, आणि पद्मजाला उघड्या जीपमध्ये नवऱ्याशेजारी बसवलं. बायका येऊन तिच्या पायांना हात लावत होत्या. रुक्साना आली. तिच्या मुठीत पेढा तसाच होता. तिने पद्मजाच्या पाठीवरून, ढिला नसलेल्या त्या ब्लाउजवरून एकदा हात फिरवला आणि ती गर्दीत मागे सरली.

“तुम्हाला माहीत होतं,” पद्मजा म्हणाली.

मगदूम गर्दीला हात हलवत होते. “काय?”

“पिंजऱ्यात आकडा वाढणार ते.”

“सगळ्यांचाच वाढतो गं.” त्यांनी हात खाली घेतला. “म्हणून तर मी प्रत्येकाला उभं करतो. वाईट वाटून घेऊ नको. मी तुला खोटं बोलायला लावलं काय? तू खरंच बोललीस. आता तारीख झाली. आता हो की बरी. उद्यापासून मी स्वतः सोडतो मिरजेला.”

तिने जीपच्या गजाला धरलं. मिरजेला जायचं, बरं व्हायचं, आकडा उतरला की कंपनीचा पुन्हा अर्ज, पुन्हा तारीख, पुन्हा तोच पिंजरा. हे तिच्या मनाला कळायच्या आधी कमरेला कळलं होतं. मेंदूला पटवायचं असतं की मागे कुणी नाही. आता मागे हे सगळे होते. ते मोडलेले, गरीब, तिच्या भल्यासाठी प्रार्थना करताना तिचं नाव गाळणारे. त्यांच्यावर तिला रागसुद्धा धरता येईना.

मिरवणूक कोर्टासमोरच्या फलकाखाली आली. हाही मगदूमांचाच, हायवेवरच्या फलकाचा धाकटा भाऊ. गोठवलेला आकडा सकाळीच पुन्हा चालू केलेला होता. गाणं लागलं. मगदूमांना ती पांढरी पडलेली दिसली असावी. त्यांनी हाताने हलगी थांबवली, पिवळा कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला आणि तिच्या चेहऱ्याकडे, फक्त चेहऱ्याकडे बघत, पूर्वी दवाखान्यात विचारायचे तसं विचारलं, “पद्मा, कसं वाटतंय गं तुला?”

किती वर्षांनी कुणीतरी हे विचारलं होतं. उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. पण बोलायच्या आधी तिने मान वर केली आणि फलकावरचा आकडा बघून घेतला.